चार गोळ्या, एकच विकर

लिंगाला पुरेशी ताठरता येत नाही किंवा टिकत नाही, म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: यातली सर्वांत पॉवरफुल गोळी कोणती? सिल्डेनाफिल, व्हार्डेनाफिल, टाडालाफिल, अव्हानाफिल अशी नावं ऐकली की ही चढत्या ताकदीची मालिका असावी असं वाटतं. त्यात मिलिग्रॅमचे आकडे गोंधळ वाढवतात. सिल्डेनाफिलची सर्वांत मोठी मात्रा १०० मिलिग्रॅम, टाडालाफिलची २०. मग पहिलं पाचपट जोरदार का? नाही. मिलिग्रॅम म्हणजे फक्त वजन; जो रेणू आपल्या जागी जास्त घट्ट बसतो, तो कमी वजनातही तेवढंच काम करतो. चारही औषधं एकाच विकराला, म्हणजे शरीरातली रासायनिक क्रिया घडवणाऱ्या एकाच एन्झाइमला, अडवतात आणि योग्य मात्रेत त्यांचा गुणही साधारण सारखाच येतो. निवड करायची ती वेळेकडे बघून, आणि सोबत काय दुष्परिणाम येतात ते बघून.

हा विकर म्हणजे फॉस्फोडायएस्टरेज-५, थोडक्यात पीडीई-५. त्याचं काम समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं, म्हणून इथे जरा थांबू. लिंगात स्पंजासारखी ऊती असते आणि तिच्यातल्या असंख्य पोकळ्यांभोवती अनैच्छिक स्नायू असतात. एरवी हे स्नायू आकसलेले असतात, त्यामुळे आत रक्त बेताचंच येतं. लैंगिक उत्तेजना झाली की चेतातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो. तो स्नायूपेशीत शिरून एका विकराला जागं करतो आणि तो विकर सीजीएमपी नावाचा निरोप्या रेणू बनवू लागतो. सीजीएमपी वाढला की पेशीतलं कॅल्शियम घटतं, स्नायू सैल पडतो, पोकळ्या रक्ताने भरतात. फुगलेल्या ऊतीमुळे रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा कडक आवरणाखाली दाबल्या जातात आणि आत आलेलं रक्त आतच राहतं. गंमत अशी की ताठरता येते ती स्नायू आवळल्यामुळे नव्हे, सैल पडल्यामुळे.

पण सीजीएमपी कायम राहून चालणार नाही. त्याला सतत तोडत राहण्याचं काम पीडीई-५ करतो. हौदात नळातून पाणी पडतंय आणि तळाच्या भोकातून ते वाहून जातंय, असं समजा. नळ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, भोक म्हणजे पीडीई-५, आणि गोळी म्हणजे त्या भोकाला लावलेलं बूच. नळाची धार बारीक झाली असेल तरी बुचामुळे हौद भरतो. नळ बंदच असेल तर बूच कितीही चांगलं असो, हौद कोरडाच राहणार. म्हणून ही औषधं कामेच्छा वाढवत नाहीत. गोळी घेऊन ‘आता काय होतंय बघू’ म्हणत वाट पाहत बसणाऱ्याला काहीही होत नाही, आणि मग तो औषधालाच नावं ठेवतो.

सिल्डेनाफिलचा जन्म हृदयशूळावरचं औषध शोधताना, फायझरच्या इंग्लंडमधल्या सँडविच इथल्या प्रयोगशाळेत झाला, ही गोष्ट आता सर्वांना पाठ आहे. त्याला अमेरिकेत मार्च १९९८मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षीचं वैद्यकातलं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळालं ते नायट्रिक ऑक्साइडच्या या निरोपाच्या शोधासाठी. ही जोडी मला औषधाच्या जन्मकथेपेक्षा कितीतरी रंजक वाटते.

आता वेळ. सिल्डेनाफिल आणि व्हार्डेनाफिल साधारण तासाभराने कामाला लागतात, चार-पाच तास उपयोगी पडतात. तुपकट, जड जेवणानंतर घेतल्यास उशीर होतो आणि जोरही घटतो. अव्हानाफिल काहींना पंधरा ते तीस मिनिटांतच पुरतं. टाडालाफिलला जेवणाचं सोयरसुतक नाही आणि त्याचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो. परिणाम म्हणजे ३६ तास ताठरता नव्हे. त्या काळात उत्तेजना झाली तर साथ मिळते, एवढंच. कोणत्याही गोळीने चार तासांहून जास्त ताठरता टिकली तर ती तातडीने रुग्णालयात जाण्याची वेळ आहे.

या फरकामागे आहे अर्धायुकाल, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ. सिल्डेनाफिलचा सुमारे ४ तास, टाडालाफिलचा १७.५ तास. दिवसभरात सिल्डेनाफिल सहा वेळा निम्मं होतं, म्हणजे चौसष्टावा भाग उरतो. टाडालाफिल मात्र २४ तासांनीही ३९ टक्के शिल्लक असतं. म्हणूनच ते रोज ५ मिलिग्रॅम अशा छोट्या मात्रेत घेता येतं. दुसऱ्या दिवशी कालच्या मात्रेचे ०.३९ उरलेले असतात, परवाच्याचे ०.१५, त्याआधीचे ०.०६. ही भूमितीय श्रेढी आहे. तिची बेरीज १ भागिले (१ वजा ०.३९), म्हणजे सुमारे १.६. बेरीज अनंतापर्यंत जाते, पण पाचव्या दिवसापर्यंत ती जवळजवळ पूर्ण झालेली असते. प्रत्यक्ष रक्त तपासून काढलेला आकडाही हाच आहे: पाच दिवसांत पातळी स्थिरावते आणि एका मात्रेच्या १.६ पट राहते. शाळेतल्या श्रेढीचं इतकं चोख उत्तर शरीराकडून मिळावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. ज्याला घड्याळ लावून संबंध नको वाटतो किंवा ज्याला प्रोस्टेट वाढल्याने लघवीचाही त्रास आहे, त्याला ही रोजची गोळी सोयीची. क्वचितच गरज असणाऱ्याने रोज औषध का घ्यावं? त्याला गरजेपुरती गोळी पुरते.

दुष्परिणामांचं कारण म्हणजे पीडीईचं कुटुंब मोठं आहे, त्याच्या अकरा शाखा आहेत. डोळ्याच्या दृष्टिपटलातला पीडीई-६ सिल्डेनाफिलच्या थोडा तावडीत सापडतो, म्हणून काहींना काही तास निळसर दिसतं. टाडालाफिल पीडीई-६ला जवळपास हात लावत नाही, पण त्याने काहींची पाठ आणि स्नायू दुखतात. डोकेदुखी, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं हे मात्र सगळ्यांत थोडंफार येतं, कारण रक्तवाहिन्या तिथेही सैल पडतात. व्हार्डेनाफिल हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत आलेखात किंचित बदल करू शकतं. तशी मुळात तक्रार असणाऱ्याने ते टाळावं.

एक नियम मात्र चौघांनाही लागू आहे आणि त्याला अपवाद नाही. छातीत दुखण्यावर नायट्रोग्लिसरीन, आयसोसॉर्बाइड अशी नायट्रेटची औषधं किंवा निकोरँडिल चालू असेल, तर यातली एकही गोळी चालणार नाही. नायट्रेट म्हणजे साऱ्या शरीरातले नळ एकदम सोडणं. वर बूच लावलेलं असेल तर रक्तदाब धाडकन कोसळतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत. कारण वरच्या गणितातच आहे. प्रोस्टेटच्या किंवा रक्तदाबाच्या अल्फा-ब्लॉकर गोळ्या चालू असल्यास तेही सांगायचं, मात्रा कमी ठेवावी लागते.

आणि म्हणूनच ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक पुड्यांचा मला राग येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तपासलेल्या अशा अनेक उत्पादनांत चोरून घातलेलं सिल्डेनाफिल किंवा त्याचा जवळचा रेणू निघाला आहे. गुण येतो तो मुळीचा नव्हे, न सांगितलेल्या रसायनाचा, आणि नायट्रेट घेणाऱ्या हृदयरोग्याला ते कळायचा मार्गच नाही. गेंड्याच्या शिंगाबद्दल तर काय बोलावं. ते केराटिन आहे, आपल्या नखांसारखं.

औषध बदलण्याआधी मूळ कारण बघायला हवं. लिंगातल्या धमन्या एक-दोन मिलिमीटर रुंद, हृदयाच्या तीन-चार. अस्तर खराब होऊ लागलं की अरुंद नळीत ते आधी जाणवतं, म्हणून ही तक्रार काही जणांत हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसते. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासायचं ते यासाठी. पहिली गोळी फुकट गेली म्हणून लगेच दुसरीकडे वळू नये. डॉक्टर योग्य मात्रेत, सिल्डेनाफिल किंवा व्हार्डेनाफिल असेल तर रिकाम्या पोटी, पुरेशा उत्तेजनेसह निदान पाच-सहा वेळा वापरून पाहायला सांगतात. जुना मधुमेह असेल किंवा प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत चेतातंतू तुटले असतील, तर मात्र नळच कोरडा असू शकतो. तिथे चारही गोळ्या बदलून पाहण्यात अर्थ थोडा. अशा वेळी अल्प्रोस्टॅडिल या वेगळ्या औषधाचं इंजेक्शन थेट लिंगात देतात. ते सीएएमपी या वेगळ्याच निरोप्याकरवी स्नायू सैल करतं, त्याला चेतातंतूच्या नायट्रिक ऑक्साइडची गरज लागत नाही.