अँग्लो-सॅक्सन धार्मिक काव्यातील महिमावाचक शब्दावली

इंग्लंडमध्ये सातव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अकराव्या शतकापर्यंत प्राचीन इंग्रजीत रचल्या गेलेल्या ख्रिस्ती काव्यात ईश्वर, ख्रिस्त, संत आणि प्रसंगी त्यांचे शत्रू यांचे थोरपण सांगण्यासाठी योजलेली नामे, उपाधी व ठरीव पदबंध. प्राचीन इंग्रजीतील सुमारे ३०,००० पंक्तींचे काव्य आज उपलब्ध असून त्यातील मोठा भाग धार्मिक आहे. तो मुख्यतः चार पोथ्यांत आढळतो : ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील ‘जुनियस ११’, एक्सिटर कॅथीड्रलची पोथी, उत्तर इटलीतील व्हर्चेल्ली येथील पोथी आणि ब्रिटिश लायब्ररीतील ‘बेओवुल्फ’ची पोथी (तिच्यातच ‘जूडिथ’ हे काव्य आहे). या पोथ्या दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अकराव्याच्या आरंभापर्यंतच्या मानल्या जातात. त्यांतील कविता त्याहून किती जुन्या, हे बहुतेक ठिकाणी भाषेवरून आणि छंदावरून अनुमानाने ठरवावे लागते. प्रस्तुत नोंदीतील देवनागरी लिप्यंतरे मूळ उच्चारांच्या जवळ जाणारी, पण स्थूल आहेत.

‘मोठा’ या अर्थाचा ‘मिचेल’ हा रोजच्या वापरातला शब्द या काव्यात येतो. तथापि ईश्वराचा महिमा सांगण्याचा भार मुख्यतः अधिकारवाचक उपाधींवर पडतो : ‘द्रिह्तेन’ (स्वामी), ‘फ्रेआ’ (धनी), ‘वेआर्द’ (रक्षक), ‘थेओदेन’ (लोकनायक), ‘वेआल्देंद’ (सत्ताधीश), ‘मेतोद’ (नियंता), ‘श्युप्पेंद’ (निर्माता). यांना ‘वुल्दोर’ (तेज, वैभव), ‘थ्र्युम’ (सामर्थ्य, सैन्य, ऐश्वर्य), ‘सिगोर’ (विजय) अशा नामांची जोड मिळाली, की ‘वुल्दोर-क्युनिंग’ (वैभवाचा राजा) किंवा ‘सिगोरा वेआल्देंद’ (विजयांचा सत्ताधीश) असे पदबंध सिद्ध होतात. असे पदबंध शेकडो आहेत.

त्यांची संख्या इतकी फुगण्यामागे छंदाचे कारण आहे. प्रत्येक पंक्तीचे दोन अर्ध असतात आणि आद्याक्षराच्या अनुप्रासाने ते सांधलेले असतात. कवीला एकाच ईश्वराची ओळख कधी ‘म’काराने, कधी ‘फ’काराने, तर कधी स्वराने करून द्यावी लागते. इंग्रज मठवासी इतिहासकार बीडने ज्याची कथा सांगितली त्या कॅडमनचे नऊ पंक्तींचे स्तोत्र हे याचे सर्वांत जुने व स्वच्छ उदाहरण होय. या नऊ पंक्तींत ईश्वरासाठी आठ वेळा उपाधी येतात आणि त्यांपैकी ‘एचे द्रिह्तेन’ (शाश्वत स्वामी) ही एकच दोनदा येते. दोन्ही वेळा अनुप्रासाचे काम ‘एचे’ या विशेषणाच्या आद्य स्वराने केले आहे. ‘द्रिह्तेन’मधला ‘द’ अनुप्रासात उतरतच नाही. ‘हालिग श्युप्पेंद’ (पवित्र निर्माता) येथेही ‘हेओफोन’ (आकाश) आणि ‘ह्रोफ’ (छप्पर) यांच्याशी ‘हालिग’ जुळते, ‘श्युप्पेंद’ नव्हे. उलट शेवटच्या पंक्तीतील ‘फ्रेआ ॲल्मिह्तिग’मध्ये (सर्वसमर्थ धनी) नामच अनुप्रास पेलते. एखाद्या उपाधीला आशयाचे किती वजन द्यायचे हे ठरवण्यापूर्वी ती पंक्तीत कोणत्या जागी आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते. जुन्या अभ्यासकांनी ते नेहमी पाहिलेले दिसत नाही.

कॅडमनचे स्तोत्र व बीडची लॅटिन प्रत : हिल्ड ही मठाध्यक्षा (कार्यकाल ६५७–६८०) असताना व्हिटबीच्या मठात हे स्तोत्र रचले गेले, असे बीड ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या धर्मेतिहासात सांगतो. गुराख्याला स्वप्नात काव्यस्फूर्ती झाल्याची ती कथा सर्वश्रुत आहे. बीडने स्तोत्र लॅटिनमध्ये दिले आणि आपण केवळ अर्थ देत आहोत, शब्दांचा क्रम नव्हे, असे बजावले. प्राचीन इंग्रजी पाठ वीसहून अधिक हस्तलिखितांत मिळतो; त्यांपैकी केंब्रिज व सेंट पीटर्झबर्ग येथील दोन आठव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहेत.

दोन्ही पाठ शेजारी ठेवले असता उपाधींचे काय झाले, ते नेमके कळते. पहिल्या पंक्तीतील ‘हेओफोनरीचेस वेआर्द’ (स्वर्गराज्याचा रक्षक) लॅटिनमध्ये स्वर्गराज्याचा ‘कर्ता’ बनतो; सातव्या पंक्तीतील तोच ‘वेआर्द’ मात्र मानवजातीचा ‘रक्षक’च राहतो. ‘मेतोद’चा ‘निर्माता’ होतो. ‘वुल्दोरफॅदेर’ (वैभवाचा पिता) जशाच्या तसा उतरतो, कारण तो मुळातच बायबलमधील आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तो सापडतो. ‘पवित्र निर्माता’ आणि दुसऱ्यांदा आलेला ‘शाश्वत स्वामी’ लॅटिनमध्ये नाहीतच. ‘फ्रेआ ॲल्मिह्तिग’पैकी ‘फ्रेआ’ गळाला आणि ‘सर्वसमर्थ’ तेवढा उरला. पुनरुक्ती ही इंग्रजी छंदाची गरज होती, लॅटिन गद्याची नव्हती. बीडने तिला कात्री लावली, हे स्पष्टीकरण पुरेसे वाटते.

याच पुराव्याचा उलटा अर्थही लावण्यात आला आहे. केव्हिन कीर्नन यांनी १९९० मध्ये अशी शक्यता मांडली, की उपलब्ध इंग्रजी पाठ मूळचा नसून बीडच्या लॅटिनवरून कोणीतरी नंतर रचलेला असावा. तसे असेल तर लॅटिनमध्ये नसलेल्या उपाधी या भाषांतरकाराने अनुप्रासासाठी घातलेल्या भरीच्या ठरतात. इंग्रजी पाठ आठव्या शतकातील प्रतींतच मिळतो आणि त्यातील पदबंध पारंपरिक काव्यभाषेत मुरलेले आहेत, यामुळे बहुसंख्य अभ्यासक मूळ पाठाच्या बाजूने आहेत. मात्र पाठ पूर्णपणे स्थिर होता असे नाही. पाचव्या पंक्तीत काही प्रती ‘माणसांची लेकरे’ म्हणतात, तर काही ‘पृथ्वीची लेकरे’. ईश्वराच्या उपाधी मात्र प्रतींतून फारशा हलत नाहीत.

‘द्रिह्तेन’चा उगम : या शब्दावर जितकी शाई खर्च झाली आहे तितकी अन्य कोणत्याही उपाधीवर नाही. ‘द्रिह्त’ म्हणजे नायकाभोवतीचा अनुचरांचा समूह; त्याचा प्रमुख तो ‘द्रिह्तेन’. प्राचीन सॅक्सन, प्राचीन उच्च जर्मन आणि प्राचीन नॉर्स या भाषांत त्याची सख्खी भावंडे आहेत. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या इ. स. ६०० च्या सुमाराच्या कायद्यात, स्वतंत्र माणसाला ठार मारणाऱ्याने राजाला ५० शिलिंग ‘द्रिह्तिन-बेआग’ म्हणून द्यावेत, असे कलम आहे. ‘बेआग’ म्हणजे कडे. धर्मांतराच्या पहिल्या पिढीत हा शब्द ऐहिक स्वामित्वाच्या व्यवहारात वापरात होता, याचा हा उत्तम दाखला.

चौथ्या शतकात बायबलचे गॉथिक भाषांतर करणाऱ्या वुल्फिलाने प्रभूसाठी हा शब्द न घेता ‘फ्राउया’ हा ‘फ्रेआ’चा सगोत्र शब्द घेतला. ‘द्रिह्त’च्या धातूपासून झालेले गॉथिक क्रियापद ‘सैनिक म्हणून लढणे’ या अर्थाचे आहे. त्यामुळे वुल्फिलाला हा शब्द फार लढाऊ वाटला असावा, असा तर्क करतात. पश्चिमेकडे मात्र तोच रूढ झाला. डी. एच. ग्रीन यांनी १९६५ मध्ये या सगळ्या स्वामिवाचक शब्दांची सविस्तर छाननी करून युद्धपथकाच्या नायकाचा शब्द ख्रिस्ती प्रभूकडे कसा गेला, ते दाखवले. त्यांचे विवेचन आजही आधारभूत आहे. तरी ‘द्रिह्त’ म्हणजे केवळ युद्धपथक असे धरणे सावधपणाचे नाही. प्राचीन इंग्रजी शब्दार्थसूचींत ‘द्रिह्तगुमा’ हा शब्द वराच्या सोबत्यासाठीही येतो. लढाई असो, मेजवानी असो वा वऱ्हाड, नायकासोबत चालणारे लोक हा व्यापक अर्थ अधिक सुरक्षित दिसतो.

‘मेतोद’ हा मोजणे या क्रियेशी जोडलेला शब्द आहे. नॉर्समधील सगोत्र शब्दाला दैवाची छटा असून ‘बेओवुल्फ’मध्ये ‘मेतोदशेआफ्त’ मरणासाठी येतो. धार्मिक काव्यात तो ईश्वराचाच झाला. ‘फ्रेआ’ गद्यात जवळजवळ आढळत नाही.

वीरपरंपरा की उपासनाविधी : एकोणिसाव्या शतकातील जर्मन अभ्यासकांना या उपाधींमागे ख्रिस्तीधर्मपूर्व टोळीजीवन दिसले. याकोब ग्रिम यांचे ‘आंड्रेआस’ व ‘एलेने’ या काव्यांचे संपादन (१८४०) आणि फिल्मार यांचे ‘हेलियांड’ या प्राचीन सॅक्सन ख्रिस्तचरित्रपर काव्यावरील लेखन (१८४५) यांनी ख्रिस्त हा जर्मन सरदार आणि शिष्य हे त्याचे शिलेदार, हे चित्र रूढ केले. या साऱ्या शोधाची झडती ई. जी. स्टॅनली यांनी १९६० च्या दशकातील लेखमालेत घेतली. आदिम धर्म शोधणाऱ्यांना तो सापडला, कारण त्यांना तो हवा होता, असा त्यांचा एकूण रोख आहे. दरम्यान १९५३ मध्ये मॅगून यांनी हे पदबंध मौखिक रचनेचे साधन असल्याचे मांडले. मात्र लॅटिन ग्रंथांवरून लेखणीने उतरवलेल्या काव्यांतही तेच पदबंध तितक्याच दाटीने येतात, हे बेन्सन यांनी १९६६ मध्ये दाखवल्यावर त्या मताची धार बोथट झाली.

लॅटिन आधार हाती असेल तेथे तुलना निर्णायक ठरते. बायबलमधील ‘उत्पत्ती’वर आधारलेल्या ‘जेनेसिस अ’ या काव्याचा आरंभ ‘आकाशांच्या रक्षकाची, सैन्यांच्या वैभवशाली राजाची शब्दांनी स्तुती करणे आम्हांस फार उचित आहे’ असा होतो. ‘उचित आहे’ ही सुरुवात मिस्साविधीतील प्रास्ताविक प्रार्थनेची आठवण करून देणारी आहे. उपाधी तेवढ्या देशी काव्यभाषेतल्या आहेत. एक्सिटर पोथीच्या आरंभीची (नाताळपूर्व) आगमनकाळातील बारा गीतेही बहुतांशी अशाच लॅटिन प्रार्थनांवर बेतली आहेत. मूळ प्रार्थनेत ‘हे शांतिप्रिय राजा’ एवढेच असते. गीतात त्याचा ‘सत्य आणि शांतिप्रिय, सर्व राजांचा राजा, ख्रिस्त सर्वसमर्थ’ असा विस्तार होतो. यांतला ‘राजांचा राजा’ पुन्हा बायबलमधलाच.

म्हणजे उपाधींचे साहित्य दोन्हीकडचे आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ते वापरून गुळगुळीत झालेले आहे. परंतु चांगल्या कवीला त्यांचा जुना अर्थ जागा करता येत होता. ‘जूडिथ’मध्ये तो प्रकर्षाने दिसतो. मेजवानीच्या प्रसंगात असिरियन सेनापती होलोफर्नेस याला कवी ‘सरदारांचा भयंकर द्रिह्तेन’ आणि ‘माणसांचा सोने देणारा मित्र’ म्हणतो, आणि तो आपल्या अनुचरांना दारूत बुडवत असतानाच ‘स्विथमोद सिंचेस ब्र्युत्ता’ (उद्दाम मनाचा, खजिना वाटणारा) हे बिरुद लावतो. साठेक पंक्तींनंतर तलवार उपसलेली यहुदी नायिका जूडिथ ईश्वराचा धावा करते, तो ‘तोर्ह्तमोद तीरेस ब्र्युत्ता’ (उज्ज्वल मनाचा, कीर्ती वाटणारा) अशा शब्दांत. घडण तीच, तिच्यातले दोन शब्द बदलले. याच प्रार्थनेत ‘थ्र्युनेस्से थ्र्युम’ (त्रैक्याचे ऐश्वर्य) असा नादसाम्याचा खेळही आहे. ‘थ्र्युम’ हाच शब्द ‘बेओवुल्फ’च्या दुसऱ्या पंक्तीत राजांच्या पराक्रमासाठी येतो.

शत्रूच्या तोंडी थोरपणाची भाषा येते तेव्हा तिला ‘ओफरमोद’ (अतिमन, गर्व) हे नाव मिळते. जुनियस पोथीत ‘जेनेसिस’च्या २३५ ते ८५१ या पंक्ती वेगळ्या कवीच्या, मूळ प्राचीन सॅक्सन काव्यावरून भाषांतरलेल्या असाव्यात, असे झीव्हर्स यांनी १८७५ मध्ये केवळ भाषेवरून ताडले, १८९४ मध्ये व्हॅटिकनमध्ये सॅक्सन मूळाचे तुकडे सापडले आणि ते खरे ठरले. या भागातील सैतान म्हणतो, की मला धन्याची गरजच नाही, मीही त्याच्यासारखा देव होऊ शकतो. ‘धनी’साठी येथे आलेला ‘हेआर्रा’ हा शब्दही सॅक्सन वळणाचा आहे. ‘डॅनिएल’मध्ये नबुखद्नेस्सर ‘बॅबिलोनचा वेआर्द’ म्हणून ओळखला जातो, पण त्याच वाक्यात तो लांडग्याच्या काळजाचा आणि दारूच्या नशेत झोपलेला असतो.

क्रूस व नायक : ‘क्रुसाचे स्वप्न’ हे १५६ पंक्तींचे काव्य व्हर्चेल्ली पोथीत असून त्यातील काही भाग स्कॉटलंडमधील रुथवेल येथील दगडी क्रुसावर रून या प्राचीन जर्मानिक लिपीत कोरलेला आहे. पोथीतील प्रसिद्ध ओळींत ‘तरुण वीराने, तो सर्वसमर्थ देव होता, वस्त्रे उतरवली, बलवान आणि निश्चयी’ तो उंच फाशीवर चढतो. रुथवेलच्या दगडावर ‘तरुण वीर’ नाही : सर्वसमर्थ देवच वस्त्रे उतरवतो आणि सर्वांदेखत धैर्याने वर चढतो. ज्या शब्दावर ‘वीर ख्रिस्ता’ची सारी चर्चा उभी आहे, तो जुन्या मानल्या गेलेल्या पाठात नाही, ही गोष्ट लोकप्रिय विवेचनांत सहसा सुटते. अर्थात दगडावरचा पाठ संक्षिप्त आहे की पोथीतला विस्तारित, हे ठरलेले नाही. रून अक्षरे क्रुसाइतकीच (आठवे शतक) जुनी की नंतरची, यावरही वाद आहे. ‘समर्थ राजा’ आणि ‘स्वर्गाचा ह्लाफोर्द’ हे पदबंध मात्र दोन्हीकडे आहेत. ‘ह्लाफोर्द’ मूळचा ‘भाकरीचा रक्षक’, आणि त्यापासूनच आजचा ‘लॉर्ड’ झाला.

किनेवुल्फ या कवीची रून अक्षरांत नाव गुंफलेली चार काव्ये आहेत. त्याचा काळ आठव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दहाव्यापर्यंत कोठेही मानला गेला आहे, नववे शतक अधिक संभवनीय. ‘एलेने’च्या आरंभी ‘सत्ताधीश देव, राजांचे वैभव, मानवी रूपात जन्मला’ असे एका दमात येते. ‘समुद्रयात्री’मध्ये ‘द्रिह्तेन’ दोन पंक्तींच्या अंतराने दोनदा येतो. आधी ऐहिक धनी, मग ईश्वर. तेथे संपादकांना आधुनिक इंग्रजीत मोठे अक्षर कोठे घालावे, हे ठरवावे लागते. पोथीत अशी खूण नाही.

नॉर्मन विजयानंतर ही काव्यभाषा ओसरली. ‘मेतोद’ लवकर मागे पडला. ‘द्रिह्तेन’ बाराव्या शतकातील ‘ऑर्म्युलम’ या धार्मिक काव्यात अजून भेटतो. शब्दार्थांसाठी टोरांटो येथील प्राचीन इंग्रजी कोश सर्वांत विश्वसनीय आहे. त्याचे काम वर्णक्रमाने चालू असल्याने ‘द्रिह्तेन’ व ‘फ्रेआ’ यांची नोंद त्यात मिळते, ‘थ्र्युम’, ‘वेआर्द’ आणि ‘वुल्दोर’ यांच्यासाठी बॉसवर्थ-टॉलर कोश (१८९८, पुरवणी १९२१) पाहावा लागतो.