लूप-रचनेतील चूक (लिस्प)

कॉमन लिस्प भाषेतील 'लूप' या मॅक्रोची (चालवण्याआधी दुसऱ्या कोडमध्ये विस्तारल्या जाणाऱ्या रचनेची) वाक्यरचना बिघडल्यावर दिसणारी लक्षणे आणि चूक हुडकण्याची रीत. आवर्तन म्हणजे काय, हे वाचकाला ठाऊक आहे असे येथे गृहीत धरले आहे.

लिस्प जॉन मॅकार्थी यांनी 1958 च्या सुमारास एमआयटीत घडवली. तेव्हा लूप नव्हता. त्याचे मूळ दोन ठिकाणी सांगितले जाते. एक, वॉरन टाइटलमन यांनी साधारण 1970 च्या दशकात इंटरलिस्प या लिस्पच्या बोलीत आणलेली, इंग्रजी वाक्यासारखी वाचता येणारी 'फॉर' रचना. दुसरे, एमआयटीतील मॅकलिस्प या बोलीची परंपरा; ग्लेन बर्क आणि डेव्हिड मून यांचा लूपवरील अहवाल 1980 चा आहे. कल्पना इंटरलिस्पची आणि घाट एमआयटीचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. गाय स्टील यांच्या 1984 च्या कॉमन लिस्प-वर्णनात फक्त साधा लूप होता: आतले सारे पुन:पुन्हा चालवायचे, थांबवणे लिहिणाऱ्याच्या हाती. शब्दांचा विस्तारित लूप कॉमन लिस्पचे मानक ठरवणाऱ्या एक्स-थ्री-जे-थर्टीन समितीने जानेवारी 1989 मध्ये स्वीकारला आणि तो 1994 च्या मानकात आला. अशा रीतीने एकाच नावाखाली दोन रचना राहिल्या. सर्वांत चिवट चूक याच इतिहासातून येते.

बडोद्यातील दांडिया बाजारच्या एखाद्या गणेश मंडळाची वर्गणी घेऊ. 'वर्गणी' या यादीत (251 501 101) असे आकडे आहेत. एसबीसीएल ही कॉमन लिस्पची एक अंमलबजावणी (भाषा प्रत्यक्ष चालवणारी प्रणाली) यूनिकोड स्वीकारते, म्हणून चलांची नावे खरोखर देवनागरीत चालतात. लूपचे शब्द मात्र रोमनच लागतात, येथे ते उच्चारानुसार छापले आहेत. त्यांची बेरीज करायला शिकणारा लिहितो:

(लूप (फॉर रक्कम इन वर्गणी) (सम रक्कम))

लिस्पमध्ये प्रत्येक गोष्टीला कंस घालायची सवय हाताला लागलेली असते, आणि तीच येथे घात करते. लूपच्या आत सगळेच घटक कंसबद्ध असले, की मॅक्रो त्याला साधा लूप समजतो. मग 'फॉर' हे फंक्शन ठरते आणि त्याला द्यायच्या किमती आधी काढायला घेतल्या जातात. संदेश येतो, 'रक्कम' या चलाला किंमत नाही. लूपचा त्यात उल्लेखही नसतो. विद्यार्थी तासभर चलाची व्याख्या तपासत बसतो; शिकवणाऱ्याने हे आधीच सांगून ठेवावे. खरा सुगावा संकलकाच्या (कंपायलरच्या) इशाऱ्यांत असतो: 'फॉर' आणि 'सम' नावाची फंक्शने सापडत नाहीत. आतले कंस काढले, की

(लूप फॉर रक्कम इन वर्गणी सम रक्कम)

याचे उत्तर 853 येते. बडोद्यात मराठी 'कंस' आणि गुजराती 'कौंस' दोन्ही ऐकू येतात, पण येथे तक्रार एकच: तो नको तिथे पडला.

'इन'ऐवजी 'ऑन' लिहिले, तर रक्कम म्हणून एकेक आकडा न येता उरलेली शेपटी येते: आधी (251 501 101), मग (501 101), मग (101). बेरजेला संख्या हवी असताना यादी मिळाल्याने प्रकारदोष (टाइप एरर) उद्भवतो. यादीऐवजी सरणी (अ‍ॅरे) असेल तर 'अक्रॉस' हवा. 'डू' विसरून थेट (प्रिंट रक्कम) लिहिले, तर कीवर्डच्या जागी कंस आला, अशी स्पष्ट तक्रार होते. ही चूक लवकर सुटते.

शंका आल्यास मॅक्रोएक्स्पँड-वन हे फंक्शन वापरून मॅक्रोचा विस्तार, म्हणजे त्यापासून तयार होणारा कोड, पाहावा. साध्या लूपच्या विस्तारात मूळ 'फॉर'चा कंस जसाच्या तसा उरलेला दिसतो. विस्तारित लूपमध्ये 'फॉर' हा शब्दच उरत नाही, त्याच्या जागी चलाची बांधणी आणि यादी संपल्याची तपासणी येते.

लूपमध्ये 'व्हाइल' (अट खरी असेपर्यंत चालवा) नंतर 'फॉर' लिहिणे मानकाच्या व्याकरणात बसत नाही, तरी काही अंमलबजावण्या ते चालवून घेतात.