चमच्यात किती? गांजाचं तेल आणि घरगुती गणित

होळीच्या थंडाईत भांग घोटली जाते ती दूध-बदामासोबत. त्यात चवीइतकाच रसायनशास्त्राचाही हात आहे. झिंग आणणारा रेणू, टीएचसी, पाण्याशी फटकून वागतो आणि स्निग्धांशात मात्र सहज विरघळतो. कॅनडातल्या स्वयंपाकघरांत गांजा मुरवलेलं खोबरेल किंवा ऑलिव्हचं तेल करतात तेही त्याचमुळे. तिथे १७ ऑक्टोबर २०१८पासून प्रौढांना गांजा कायदेशीर आहे. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने फुलोरा, म्हणजे गांजा, गुन्ह्यात धरला. नुसती पानं त्या व्याख्येबाहेर राहिली, म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात.

फुलोरा कच्चाच चावून खाल्ला तर फारसं काही होत नाही, कारण त्यात मुख्यतः असतं टीएचसीए नावाचं आम्ल. ते शंभर-सव्वाशे अंश सेल्सिअसला काही काळ तापलं की कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि टीएचसी उरतं. वायू गेला म्हणजे वजनही घटलं: आम्लाचा रेणुभार सुमारे ३५८, टीएचसीचा ३१४. एक ग्रॅम आम्लातून फार तर ०.८७७ ग्रॅम टीएचसी मिळेल.

आता घरगुती हिशेब. फुलोरा १० ग्रॅम, पाकिटावर टीएचसीए १५ टक्के, म्हणजे १,५०० मिलिग्रॅम. त्याला ०.८७७ने गुणलं की सुमारे १,३१५. हे सगळं २०० मिलिलिटर तेलात उतरलं असं धरलं, तर ५ मिलिलिटरच्या चहाच्या चमच्यात ३३ मिलिग्रॅम. कॅनडात दुकानातल्या खाद्यपदार्थाच्या अख्ख्या पाकिटाला मर्यादा आहे १० मिलिग्रॅमची. एका चमच्यात अशी तीन पाकिटं!

पण ‘सगळं उतरलं असं धरलं’ इथेच गोम आहे. ओव्हन कमी तापला तर आम्ल तसंच राहतं, जास्त तापला तर टीएचसीच मोडतं. चोथा कितीही पिळा, थोडं तेल धरून बसतोच. त्यामुळे गुणाकारातून निघते ती फक्त वरची मर्यादा. बाटलीत तेल कमी भरलं म्हणून ते कडक झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं, चोथ्यात अडकलेलं तेल आपल्या वाट्याचं टीएचसीही घेऊन जातं. लोण्याचं मात्र उलटं. बाजारातल्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश. ते कढवून पाणी उडवलं की टीएचसी तेवढंच, पण तूप कमी, म्हणजे तीव्रता जवळपास सव्वापट. तूप कढवणाऱ्या घरात हे वेगळं समजवावं लागू नये.

प्रयोगशाळेलाही इथे जपून पावलं टाकावी लागतात. गॅस क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे वायूच्या प्रवाहात मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीत, नमुना तापवावा लागतो, त्या उष्णतेने आम्लाचं टीएचसी तिथल्या तिथेच होतं, आणि मुळात काय किती होतं ते कळत नाही. म्हणून दोन्ही वेगवेगळी मोजायची तर न तापवता चालणारी द्रव क्रोमॅटोग्राफी वापरतात. घरी नाक, जीभ आणि तेलाचा हिरवा रंग एवढंच हाताशी. रंग तर हरितद्रव्याचा, नशेशी त्याचा संबंध नाही.

शिवाय तेल केकच्या पिठात सारखं मिसळलं नाही, तर सरासरी बरोबर येऊनही एक तुकडा फिका आणि शेजारचा जबर निघतो. पोटातून गेलेल्या टीएचसीचं यकृतात ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, तेही नशा आणणारंच. परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात. “काहीच होत नाहीये” म्हणत दुसरा तुकडा उचलला जातो तो बहुधा याच वेळात.