मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या डिस्चार्जचे पूर्वानुमान

मेंदूवर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण रुग्णालयातून कधी, कोणत्या अवस्थेत आणि कुठे जाईल, याचा आधीच बांधलेला अंदाज. गाठ काढणे, अपघातात कवटीखाली साठलेले रक्त बाहेर काढणे, फुगलेल्या रक्तवाहिनीला क्लिप लावणे, मेंदूत साठणारे पाणी वळवणारी नळी (शंट) बसवणे अशा सर्व शस्त्रक्रियांत तो बांधला जातो. अनुभवी सर्जन हा अंदाज मनात बांधतच असतो. त्याला मोजमापाची शिस्त मात्र विसाव्या शतकात लागली.

या मोजमापांतली दोन महत्त्वाची साधने ग्लासगो शहरातून आली. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये शुद्धीची पातळी मोजणारे ग्लासगो कोमा स्केल मांडले. त्यात डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ गुण असतात. बेरीज ३ ते १५ या दरम्यान येते. बोलण्याचे गुण देताना ‘आत्ता कुठे आहात, कोणता महिना चालू आहे’ हे विचारावे लागते, आणि ते रुग्णाच्या भाषेत विचारले नाही तर शुद्धीवरचा माणूसही गोंधळलेला ठरतो. अनेक भाषा बोलल्या जाणाऱ्या मुंबईच्या वॉर्डात ही बाब किरकोळ नाही. जेनेट आणि मायकेल बाँड यांनी १९७५ मध्ये रुग्ण शेवटी कितपत सावरला हे सांगणारे ग्लासगो आउटकम स्केल दिले. त्यात मृत्यू, जाणीवरहित अवस्था, तीव्र अपंगत्व, मध्यम अपंगत्व आणि चांगली सुधारणा अशा पाच पायऱ्या आहेत. गाठीच्या रुग्णांसाठी रोजचे व्यवहार किती जमतात हे मोजणारे कार्नोफ्स्की मापन अधिक वापरात आहे. ते ० ते १०० पर्यंत जाते. ७० म्हणजे स्वतःचे स्वतः करतो, पण कामधंदा जमत नाही.

अंदाजाला आधार देणाऱ्या बाबींत वय, शस्त्रक्रियेपूर्वीची हिंडण्याफिरण्याची क्षमता, शुद्धीची पातळी, डोळ्यांच्या बाहुल्यांची प्रकाशाला प्रतिक्रिया, मधुमेह किंवा हृदयविकारासारखी जोडीची दुखणी आणि शस्त्रक्रिया ठरवून झाली की तातडीने, या प्रमुख आहेत. दुखऱ्या भागाची जागाही तितकीच बोलकी असते. मेंदूच्या मागच्या भागातली छोटी गाठ काढताना गिळण्याच्या नसांना इजा झाली, तर अन्न भरवण्यासाठी नाकातून पोटात घातलेली राईल्स ट्यूब मुक्काम लांबवते. उलट कवटीखाली हळूहळू साठलेले जुने रक्त एका-दोन छिद्रांतून काढल्यावर म्हातारा माणूसही पुष्कळदा थोड्या दिवसांत उठून बसतो. अलीकडे वयापेक्षा ‘जर्जरता’, म्हणजे शरीर एकंदर किती खचले आहे, ते मोजण्याकडे कल आहे, आणि तो योग्यच म्हणावा लागेल. सत्तरीतली सगळी शरीरे सारखी नसतात.

या बाबी एकत्र करून संख्याशास्त्रीय किंवा यंत्रशिक्षणाची (मशीन लर्निंगची) प्रतिमाने, म्हणजे अंदाज काढणारी गणिते, तयार होतात. प्रतिमानाने ७० टक्के म्हटले, तर तशाच १०० रुग्णांपैकी सुमारे ७० जणांचे तसे होईल, एवढाच त्याचा अर्थ. समोरच्या खाटेवरचा रुग्ण त्या ७० मधला की ३० मधला, हे ते सांगत नाही. शिवाय एका देशात बेतलेले प्रतिमान दुसरीकडे चुकू शकते. डोक्याच्या दुखापतीसाठी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘क्रॅश’ प्रतिमान १०,००८ रुग्णांच्या माहितीवर उभे होते. श्रीमंत देशांसाठी वेगळे आणि कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी वेगळे, अशी त्याची मांडणी मुद्दाम करण्यात आली.

मुंबईत अडचण त्याहून मुळाशी आहे. अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांत ‘रुग्ण घरी गेला की पुनर्वसन केंद्रात किंवा शुश्रूषागृहात’ हाच निकालाचा निकष असतो. इथे ती मधली पायरी फार अपुरी आहे. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, काही खाजगी केंद्रेही आहेत. पण केईएम, सायन, नायर, जेजे या सार्वजनिक रुग्णालयांतून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांना घरच गाठावे लागते. त्यामुळे ‘घरी गेला’ ही नोंद जवळपास काहीच सांगत नाही. तिसऱ्या मजल्यावरची लिफ्ट नसलेली चाळ, गॅलरीच्या टोकाला सार्वजनिक संडास, दिवसभर कामावर असलेली माणसे यांचाही हिशोब अंदाजात धरायला हवा. ब्युरोची मावशी बारा तासांसाठी ठेवणे किती घरांना परवडते? दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीतून भरवणे, श्वासासाठी गळ्याला छिद्र (ट्रॅकिओस्टॉमी) असल्यास त्यातला कफ यंत्राने ओढून काढणे (सक्शन) हे नातेवाइकांना वॉर्डातच शिकून घ्यावे लागते, आणि पडून राहिल्याने होणारी जखम (बेडसोर) होणार की नाही ते बरेचसे तिथे ठरते.

मुक्कामाचे दिवसही जपून वाचावेत. भरलेल्या सार्वजनिक रुग्णालयात रुग्ण लवकर घरी जातो तो कधी बरा वाटल्यामुळे, तर कधी पुढचा रुग्ण ट्रॉलीवर थांबलेला असल्यामुळे. पैसे संपल्याने किंवा आशा सोडल्याने नातेवाईक सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेतात, ज्याला वॉर्डात ‘डामा’ (डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अॅडव्हाइस) म्हणतात; कागदावर असा रुग्ण जिवंत बाहेर पडलेला दिसतो. अशा नोंदींवर शिकवलेले प्रतिमान मृत्यू कमी दाखवणारच. याच्या उलट धोकाही आहे: वाईट अंदाज ऐकून उपचार थांबवले, तर अंदाज आपोआप खरा ठरतो. म्हणून पहिल्या काही दिवसांतला आकडा एकट्याच्या बळावर उपचार थांबवण्यासाठी वापरू नये.

मेंदूची सुधारणा महिनोन्‌महिने चालते. त्यामुळे दुखापतीच्या अभ्यासांत निकाल बहुधा सहा महिन्यांनी पाहतात. परळला उपचार घेऊन कोकणात किंवा विदर्भात परतलेला रुग्ण तेवढ्यासाठी पुन्हा ओपीडीत येईलच असे नाही. ग्लासगो आउटकम स्केलची विस्तारित, आठ पायऱ्यांची आवृत्ती ठरावीक प्रश्नांच्या आधारे फोनवरही भरता येते; त्यासाठी केसपेपरवर रुग्णाच्या नंबरसोबत गावाकडच्या एखाद्या नातेवाइकाचाही नंबर घेतलेला बरा.