ट्राय ब्लॉकमुळे जावाचा प्रोग्राम मंदावत नाही

जावामध्ये चूक होऊ शकेल असा कोड ‘ट्राय’मध्ये आणि चूक झाल्यास काय करायचं ते ‘कॅच’मध्ये लिहितात. ‘लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडच्या) आत ट्राय-कॅच लिहू नका, प्रोग्राम हळू होतो’ हा सल्ला आजही दिला जातो. तो चुकीचा आहे. जावाचा कोड आधी बाइटकोड नावाच्या सूचनांमध्ये बदलला जातो, आणि ट्रायमध्ये शिरण्यासाठी त्यात वेगळी सूचना नसतेच. कोणत्या सूचनांमधली चूक कुठल्या कॅचकडे जाईल, एवढी नोंद बाइटकोड साठवणाऱ्या क्लास फाइलमधल्या एक्सेप्शन टेबलमध्ये होते. चूक झालीच नाही, तर ते टेबल पाहावंही लागत नाही.

वेळ जातो तो एक्सेप्शनचा, म्हणजे चुकीची माहिती देणारा, ऑब्जेक्ट तयार होताना. त्या क्षणी चालू असलेल्या मेथड्सची सगळी साखळी, म्हणजे स्टॅक ट्रेस, गोळा करावी लागते; साखळी जितकी खोल तितका वेळ जास्त. म्हणूनच लूप थांबवायला एक्सेप्शन फेकू नये, तिथे साधा इफ पुरतो.

या गैरसमजाचा खरा फटका मात्र वेगळाच आहे. 1,000 ओळींची फाइल वाचताना 17व्या ओळीत ‘12अ’ आलं की मजकुराचा पूर्णांक करणारी पार्सइंट ही मेथड नंबरफॉरमॅटएक्सेप्शन फेकते. ट्राय लूपबाहेर असेल, तर उरलेल्या 983 ओळी वाचल्याच जात नाहीत. आत असेल, तर ओळीचा क्रमांक नोंदवून पुढे जाता येतं. एका चुकीवर सगळंच काम रद्द करायचं असेल, तेव्हा ट्राय बाहेरच हवा.