पॅनल कापायला गेलो आणि पॅनल वितळलं

स्कूटरच्या पुढच्या पॅनलमध्ये मोबाइल चार्जिंगचं सॉकेट बसवायचं होतं. भोक हवं साधारण 29 मिलिमीटरचं. रोटरी टूलला (हातात धरायचं, टोकाला लावलेलं पातं गरगर फिरवणारं छोटं यंत्र) कापायची चकती लावली, वेग शेवटच्या आकड्यावर नेला आणि सुरुवात केली. धूर, जळका वास आणि वर गंमत अशी, की मी पुढे कापतोय तशी मागची चीर बुजत चाललेली! वितळलेलं प्लास्टिक गार होऊन पुन्हा चिकटत होतं.

38 मिलिमीटरची चकती मिनिटाला 30,000 फेरे घेते, तेव्हा तिची कड सेकंदाला जवळपास 60 मीटर, म्हणजे ताशी 215 किलोमीटर वेगाने घासत असते. पत्रा कापतानाही तापतोच, पण तो उष्णता लगेच आजूबाजूला वाटून टाकतो. प्लास्टिक या बाबतीत महाकंजूष. साध्या पोलादाच्या दोनशेव्या हिश्श्याइतकीही उष्णता ते पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे सगळी धग कापाच्या रेघेवरच साचते. त्यात स्कूटरची पॅनल बऱ्याचदा एबीएस नावाच्या प्लास्टिकची (ब्रेकवालं एबीएस वेगळं). ते 105 अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडतं. उकळत्या पाण्यापेक्षा जेमतेम वर!

मोटारींचे बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात, ते 160-165 अंशांना वितळतं. कोणतं प्लास्टिक आहे ते पॅनलच्या आतल्या बाजूला बहुधा छापलेलं असतं. तिथे ‘टी20’ दिसलं तर त्याचा क्रिकेटशी संबंध नाही. त्यात 20 टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड आहे.

मग वेग 10,000 वर आणला आणि चकती काढून मोजक्या, खोल दातांचा बिट लावला. दात सावकाश फिरला की दर फेरीला जाडसर कीस काढतो आणि बरीचशी उष्णता त्या किसाबरोबरच बाहेर पडते. तोच दात भन्नाट फिरवला तर कापण्याऐवजी नुसता घासत राहतो. कीस खोबऱ्यासारखा मोकळा पडतोय तोवर ठीक. पाकाला यावी तशी तार यायला लागली, की हात थांबवायचा. भोक जरा लहानच ठेवून उरलेलं कानसेने घासलं. डोळ्यांवर गॉगल, नाकावर मास्क हवाच.

चकतीचा आणखी एक उपद्रव. ती गोल असल्याने, आतपर्यंत आरपार कापायचं तर वरच्या बाजूला चीर खुणेपुढे जातेच. चार्ल्स इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने 1913 मध्ये गणित करून दाखवलं होतं, की ताण पडलेल्या पत्र्यातल्या भोकाचं टोक जितकं अणकुचीदार, तितका तिथे ताण जास्त एकवटतो. गोल भोकाच्या कडेलाही तो तिप्पट होतो. चिरेच्या टोकाला तर विचारूच नका. म्हणून चौकोनी खिडकी कापायची तर आधी चारही कोपऱ्यांत ड्रिलने भोकं पाडायची आणि मग ती जोडायची.

माझी पहिली चीर खड्ड्यांतल्या हादऱ्यांनी महिनाभरात बोटभर पुढे सरकली. तिच्या टोकाला 3 मिलिमीटरचं भोक पाडलं, तेव्हा कुठे ती थांबली. आता त्यावर ‘आईचा आशीर्वाद’ असं स्टिकर आहे.