कंपनं, विद्युतचुंबकीय क्षेत्रं आणि मानवी शरीर (सोलापूरच्या संदर्भात)

मशीन, वाहन किंवा हत्याराची थरथर शरीरात शिरते ती एक गोष्ट, आणि विजेच्या तारा, मोबाईल, टॉवर यांच्याभोवतीच्या क्षेत्रात आपण वावरतो ती दुसरी. बोलताना दोन्हीला 'लहरींचा त्रास' म्हणतात, पण पहिल्यात हाडं, स्नायू, नसा खरोखर हलतात, तर दुसऱ्यात शरीरात बारीक विद्युतप्रवाह तयार होतो नाहीतर मांस तापतं. कंपनानं होणारं नुकसान शंभर वर्षांपासून नोंदलेलं आहे, क्षेत्रांबद्दलचे मोठे दावे मात्र अजून सिद्ध झालेले नाहीत. तरी गल्लीत टॉवर उभा राहिला की लगेच चर्चा होते आणि मागावर, ट्रॅक्टरवर आयुष्य काढणाऱ्याच्या हातापाठीची विचारपूस कुणी करत नाही, म्हणून इथे कंपनाला आधी जागा दिलीय.

हातातल्या कंपनाचा आजार पहिल्यांदा कुणी ओळखला यावर थोडा वाद आहे. फ्रेंच डॉक्टर मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये बोटं पांढरी पडण्याचं वर्णन केलं, पण त्यात हत्याराचा संबंध नव्हता. हवेच्या दाबावरच्या हातोड्याशी संबंध जोडण्याचं श्रेय साधारणपणे इटलीचे डॉक्टर जोव्हान्नी लोरिगा यांना देतात (१९११), आणि १९१८ मध्ये अमेरिकेत इंडियानातल्या बेडफर्डच्या चुनखडी खाणकामगारांवर डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी केलेली पाहणी त्यानंतरची. तरी कारण नीट पटतं ते हॅमिल्टन यांच्याच कामामुळे, कारण छिन्नी धरणारा डावा हात जास्त बिघडतो आणि थंडीत त्रास उफाळतो हे त्यांनी जागेवर जाऊन पाहिलं. १९८६ च्या स्टॉकहोम बैठकीत आजाराची प्रतवारी ठरली, तिच्यात रक्तवाहिन्यांचा भाग वेगळा आणि नसांचा वेगळा मोजतात.

सोलापूरसाठी ही वेगळी मोजणी फार महत्त्वाची आहे. उष्ण देशांतल्या अभ्यासांत पांढरी बोटं क्वचित सापडतात, मुंग्या, बधिरपणा, पकड ढिली होणं हे जास्त सापडतं, म्हणजे थंड देशांतली पुस्तकं वाचून कुणी इथल्या ग्राइंडरवाल्याची किंवा ब्रेकरवाल्याची (काँक्रीट फोडणाऱ्याची) फक्त बोटं पांढरी होतात का तेवढंच पाहिलं तर आजार नाही असाच निष्कर्ष निघेल, आणि तो चुकीचा असेल. शर्टाची बटणं लावता येतात का, बारीक खिळा चिमटीत धरता येतो का हे आधी विचारावं.

यंत्रमागाचं गणित थोडं निराळं. मागवाला थरथरतं हत्यार हातात धरत नाही, कंपन त्याच्या तळपायातून आणि मागाला टेकलेल्या पोटातून येतं. मिनिटाला धोट्याच्या (आडवा धागा नेणाऱ्या नळीच्या) १२० फेकींचा माग धरला तर फणीचा ठोका सेकंदाला दोनदा, म्हणजे मूळ वारंवारता जेमतेम २ हर्ट्झ, पण धोटा पेटीत आदळतो तेव्हाच्या झटक्यात वरच्या वारंवारताही असतात. तरी अशोक चौक, अक्कलकोट रोडकडच्या कारखान्यांत सगळ्यात पक्कं नुकसान होतं ते आवाजानं, म्हणजे हवेतल्या कंपनानंच. धोट्याच्या जुन्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर जातो आणि बहिरेपण ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं, त्यामुळे साधं बोलणं बरीच वर्षं ऐकू येत राहतं आणि माणूस तपासायला जातच नाही. आवाजानं येणारं बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवण्याजोगा आजार म्हणून होतं, पण घराला लागून चार-सहा माग टाकलेल्या ठिकाणी ती नोंद व्हायची कशी हा खरा प्रश्न आहे.

पूर्ण शरीराच्या कंपनाचं ठळक उदाहरण ऊस वाहतुकीचं. बसलेल्या माणसाचं धड उभ्या दिशेनं साधारण ४ ते ८ हर्ट्झला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतं, आणि बहुतेक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना स्प्रिंगच नसल्यानं तो टायरवर उसळतो, ती उसळी याच्या अगदी जवळ पडते. युरोपच्या २००२ च्या नियमात आठ तासांसाठी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग (थरथरीचा जोर, त्वरणात मोजलेला) ही उपाय सुरू करायची पातळी आणि १.१५ ही कमाल. हिशोब वर्गाचा असल्यामुळे थरथर दुप्पट झाली की मुभेचा वेळ निम्मा होत नाही, चौथाई होतो: १.० ला उपाय सुरू करायची पातळी दोन तासांतच गाठली जाते. गाळप हंगामात फडातून कारखान्यापर्यंत डबल ट्रॉली ओढणारा ड्रायव्हर दोन तासांत थोडाच उतरतो! कंबरदुखीचा संबंध बऱ्याच अभ्यासांत सातत्यानं दिसतो, पण मागे वळून बसणं आणि ओझी उचलणं यांचा वाटा वेगळा काढणं अवघड जातं.

आता क्षेत्रांबद्दल. रायचूर-सोलापूर ७६५ किलोव्होल्ट लाईननं ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेची ग्रिड देशाच्या बाकी ग्रिडला जोडली, आणि फताटेवाडीला ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत, त्यामुळे शेतावरून मोठ्या तारा जाणं जिल्ह्यात नवीन नाही. अशा तारांखाली उभ्या ट्रॅक्टरला हात लावला की चटका बसू शकतो, तो भास नाही, रबरी टायरवर जमिनीपासून तुटलेल्या धातूत विद्युतक्षेत्रामुळे जमलेला भार असतो. चुंबकीय क्षेत्रासाठी अशा किरणांपासून संरक्षणाचे नियम सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाची (ICNIRP) सामान्य लोकांसाठीची मर्यादा १९९८ मध्ये १०० मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) होती, २०१० मध्ये २०० केली. डोळ्यांपुढे प्रकाश चमकल्यासारखा होणं (फ्रेंच शास्त्रज्ञ दारसोनव्हाल यांनी १८९६ मध्ये नोंदलेलं) २० हर्ट्झला सुमारे ५ मिलिटेस्लाला, म्हणजे ५००० मायक्रोटेस्लाला, सुरू होतं, ते २०० च्या मर्यादेच्या पंचवीसपट.

खरा वाद मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा. १९७९ मध्ये वर्टहायमर आणि लीपर या संशोधकांनी अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये तारांच्या ठेवणीवरून अंदाज बांधला, क्षेत्र मोजलं नव्हतं. २००० च्या सुमारास अनेक अभ्यास एकत्र केल्यावर ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर धोका दीडपट-दुप्पट दिसला आणि २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं या क्षेत्राला 'कर्करोग होण्याची शक्यता आहे' या गटात टाकलं. ब्रिटनमधल्या २००५ च्या अभ्यासात वाढ लाईनपासून ६०० मीटरपर्यंत दिसली, जिथे लाईनचं क्षेत्र जवळपास उरतच नाही, आणि पुढच्या पाहणीत हा संबंध दशकागणिक विरत गेला. क्षेत्र हेच कारण असतं तर असं व्हायला नको होतं, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेचं २००७ चं मत, की पुरावा कारण ठरवण्याइतका भक्कम नाही, जास्त पटतं.

मोबाईलच्या लहरींचा सिद्ध परिणाम तापवण्याचा. भारतात फोनसाठी १.६ वॉट प्रति किलोची (शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची) मर्यादा आहे आणि १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय पातळीच्या एक दशांश केली. कानाला लावलेल्या फोनचा डोस लांबच्या टॉवरपेक्षा सहसा जास्तच असतो. २०११ मध्ये हेही 'शक्यता' गटात गेलं, पण २०२४ च्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही. टॉवरमुळे डोकं दुखतं म्हणणाऱ्यांचं दुखणं खरं असतं, मात्र क्षेत्र चालू आहे की बंद हे न सांगता घेतलेल्या चाचण्यांत त्यांना ते ओळखता आलेलं नाही. पेसमेकर असलेल्यांनी वेल्डिंग मशीनजवळ जाण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

उपाय कंपनाकडे जास्त आहेत: मागाखाली रबरी पॅड, कानात प्लग, ट्रॅक्टरला वजनानुसार लावता येणारी स्प्रिंगची सीट, ब्रेकरवर माणसं आलटून पालटून. कंपनरोधक हातमोजे कमी वारंवारतेला फारसे कामाला येत नाहीत, पण हत्याराला धार असली आणि बेअरिंग वेळेवर बदललं तर थरथर बरीच कमी होते.